पाणवठ्यावरची गणती

बुद्धपौर्णिमेच्या रात्री माळावर मोजणी असते.
मचाण म्हणजे हिवराला बांधलेलं बाजलं,
खाली सिमेंटचा पाणवठा, टँकरनं भरलेला.
वर मी, भूगोलाचा मास्तर, सुट्टीतला स्वयंसेवक,
आणि वनमजूर इलाही मुलाणी,
ज्याच्या मोबाइलला रेंज येते ती करमाळ्याची.

परंडा मागे राहिलं. पुढे नुसती कुसळी,
चंद्रात राखेच्या रंगाची.
त्यापुढे सीना, म्हणजे वाळू,
वाळूत दोन डबकी आणि बंद पडलेला एक पोकलेन.
पलीकडचा जिल्हा दुसरा.
तिथंही असंच बाजलं असेल,
असाच छापील फॉर्म, असाच कुणी मास्तर.

इलाही बोट करतो: त्यो चौथरा दिसला का?
करोडगिरीचा नाका होता तिथं.
अलीकडं मोगलाई, पलीकडं इंग्रज.
अलीकडं हाली रुपया, पलीकडं कलदार.
माझा आजा बंदगी, नाक्यावर जवान.
मीठ धरायचा, रॉकेल धरायचा.
एकदा नवरीच्या गाडीत
साखरेचं पोतं शालू नेसून बसलं होतं,
हातात हिरवा चुडासुद्धा.
आज्यानं म्हणे आधी मुजरा केला, मग धरलं.

आम्ही हसतो, तोंडावर हात दाबून.
पखुर्ड्या अंधार पडतानाच पिऊन गेल्या,
त्या लिहिल्या: अकरा.
मग एक खोकड. मग बराच वेळ काही नाही.

मी त्याला नववीच्या वर्गातलं सांगतो,
कलाहारीच्या वाळवंटातलं चित्र:
दोन देशांत मिळून एकच अभयारण्य,
कोरड्या नदीतून जाणारी हद्द,
आणि हद्दीच्या पांढऱ्या दगडाच्या सावलीत
बसलेलं हरीण, अर्धं इकडं, अर्धं तिकडं.
मागच्या बाकावरच्या शबरीनं विचारलं होतं,
सर, मग त्याचं शेपूट कोणत्या देशाचं?
मी म्हणालो होतो, धडा पुढे घेऊ.

इलाही हसत नाही.
आज्यानं असंच एकदा लिहिलं, म्हणतो.
नाक्याच्या वहीत, उर्दूत, पहाटे तीनला:
इंग्रजीतून आला, लांडगा एक.
माल काही नाही. सोडून दिला.
अमीनसाहेबानं चार आणे दंड केला,
सरकारी शाई वाया घातली म्हणून.
दंड हाली होता का कलदार, मी विचारतो.
ते नाही म्हाईत, म्हणतो इलाही,
पण आजी मरेपर्यंत
त्या लांडग्याला आमचा देणेकरी म्हणायची.

दोन वाजून दहा मिनिटं.
आधी कुसळी हलली, वाऱ्याच्या उलट बाजूनं.
मग तो. हाडकुळा. एक कान फाटलेला.
पाण्याशी आला तसा थांबला,
आमच्याकडे बघितलं, आणि आम्ही नाहीच असं धरून
पीत राहिला. जिभेचा आवाज
बाजल्यापर्यंत येत होता.
इलाहीनं माझं मनगट धरलं होतं,
कधी धरलं, कळलं नाही.

मग चौथऱ्याला वळसा घालून,
जसं काही तिथं अजून कुणी विचारणार आहे,
तो वाळूत उतरला. पोकलेनच्या साखळीशी
लघवी केली. चालत गेला.
पलीकडे एक टॉर्च क्षणभर पेटला आणि विझला.

आता तिकडच्या फॉर्मवर एक,
इकडच्या फॉर्मवर एक.
पुण्याच्या कचेरीत बेरीज दोन होईल,
आणि कुणीतरी खूश होईल: वाढले.

मी खोडरबर काढतो, परत ठेवतो.
प्रजाती लिहिली. वेळ लिहिली. दिशा: पश्चिम.
शेवटचा रकाना शेऱ्याचा, तो मोकळाच.
इलाही वाकून बघतो. त्याला वाचता येतं थोडं.
त्यो का सोडला, मास्तर?
लिहा की. माल काही नाही.